ठाण्याच्या दोन आगगाड्या आणि हुंडणावळीचा हिशेब

ठाणें शहराचें नांव हिंदुस्थानच्या आगगाडीच्या इतिहासांत पहिल्याच पानावर आहे. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली उतारूंची पहिली गाडी ठाण्यास येऊन थांबली, आणि पुढल्याच वर्षीं, ता. १ मे १८५४ रोजीं, ती कल्याणास पोंचली. आज त्याच ठाणें-कल्याणच्या शिवारांत दुसरी एक आगगाडी येऊं घातली आहे. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा एकवीस किलोमीटरांचा बोगदा वांद्र्याहून निघून ठाण्याच्या खाडीखालून शिळफाट्याशीं बाहेर पडावयाचा आहे, आणि तिचें ठाणें स्थानक दिव्याजवळ म्हातार्डी येथें व्हावयाचें आहे. या दुसऱ्या गाडीविषयीं आमच्या शहरांत चर्चा कमी झाली नाहीं. जमिनीचा मोबदला किती, तिकिटाचा दर काय, गाडी सर्वांच्या उपयोगाची कीं थोडक्यांच्या सोयीची, हे सर्व प्रश्न चव्हाट्यावर येऊन गेले. परंतु ज्या कर्जावर ही गाडी उभी राहत आहे तें कर्ज कोणत्या नाण्यांत काढलें आहे, आणि तें फेडतांना त्या नाण्याचा आमच्या रुपयाशीं भाव काय असेल, याविषयीं सामान्य नागरिक अवाक्षर काढीत नाहीं. पहिल्या आगगाडीच्या वेळींही हा प्रश्न रयतेस कोणीं विचारला नव्हता, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत आमच्या आज्यापणज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या मोजली. दुसऱ्या खेपेस तरी तो विचारला जावा, एवढ्याचसाठीं आजचा हा लेख आहे.

एका देशाच्या नाण्याचा दुसऱ्या देशाच्या नाण्याशीं जो भाव, त्यास आमचे सराफ पूर्वापार हुंडणावळ म्हणत आले आहेत. हा विषय कांहीं कल्याणच्या बाजारास परका नाहीं. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि रोमचीं सोन्याचांदीचीं नाणीं भडोचेस देशी नाण्यांशीं बदलून घेण्यांत नफा असतो, असेंही त्याच ग्रंथांत नमूद आहे. म्हणजे नाण्याच्या भावांत कोणाचा तरी नफा व कोणाची तरी तूट असते, ही गोष्ट या किनाऱ्यावर फार जुनी आहे. फरक इतकाच कीं, त्या काळीं हा नफातोटा एका खेपेपुरता असे. अलीकडच्या काळांत तो राष्ट्रांच्या डोक्यावर पन्नास-पन्नास वर्षें बसतो.

प्रथम पहिल्या गाडीची हकीकत पाहूं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशीं करार झाला तो १८४९ सालीं. भांडवल विलायतेंतल्या भागीदारांचें. त्यावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीची. गाडी चालो अगर न चालो, फायदा होवो अगर न होवो, भागीदाराचें व्याज सुटावयाचें नाहीं, अशी ही व्यवस्था होती. एवढी गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्या करारांत आणखी एक कलम होतें, आणि तें हुंडणावळीचें होतें. रुपया व पौंड यांचा हिशेब एका रुपयास एक शिलिंग दहा पेन्स या दरानें धरावयाचा, असें ठरलें होतें. व्याज पौंडांत द्यावयाचें आणि उत्पन्न रुपयांत यावयाचें. तेव्हां रुपया या दराखालीं घसरला तर होणारी तूट कोणाची? अर्थात् कंपनीची नव्हे. तिजोरीची, म्हणजे रयतेची.

आणि रुपया घसरला. १८७१ नंतर जर्मनीनें चांदी टाकून सोन्याचें चलन धरलें, इतर राष्ट्रांनीं त्याचें अनुकरण केलें, अमेरिकेंतल्या खाणींतून चांदीचा लोंढा आला, आणि चांदीचा भाव कोसळला. आमचा रुपया चांदीचा. १८७१च्या सुमारास जो जवळजवळ दोन शिलिंगांचा होता तो १८९२-९३ सालीं सव्वा शिलिंगावर आला. विलायतेस पाठवावयाचा पौंड तोच. परंतु त्यासाठीं दहा रुपयांच्या जागीं सोळा रुपये गोळा करावे लागूं लागले. दादाभाई नौरोजी यांनीं ज्यास संपत्तीचा ओघ म्हटलें, त्या ओघाचा वेग असा हुंडणावळीनें वाढविला. रूळ तेच, इंजिनें तींच, कर्जाचा आंकडाही तोच. बदललें तें फक्त माप.

ही तूट भरून काढण्यासाठीं सरकारनें जो उपाय योजला त्याचा तडाखा मुंबईच्या गिरण्यांस कसा बसला, तें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. ता. २६ जून १८९३ रोजीं सरकारनें टांकसाळा लोकांच्या चांदीस बंद केल्या. हेतु हा कीं, रुपये दुर्मिळ करावे आणि त्यांचा भाव कृत्रिम रीतीनें चढवावा. भाव चढला, १८९८च्या सुमारास रुपया सोळा पेन्सांवर आला. परंतु त्या रुपयांत चांदी होती ती जेमतेम दहा पेन्सांची! त्या वेळीं मुंबईच्या सुताचें मोठें गिऱ्हाईक चीन देश, आणि चीनचें चलन निव्वळ चांदीचें. आजवर मुंबईचा रुपया व चीनची चांदी हीं एकाच काट्यावर तोललीं जात होतीं; एका दिवसांत तो काटा मोडला. रुपयांत तीच किंमत असलेल्या सुताच्या गांठीस चिनी व्यापाऱ्यास आधींपेक्षां किती तरी अधिक चांदी मोजावी लागूं लागली. जपान १८९७ पर्यंत चांदीवरच होता, शिवाय चीनच्या उंबरठ्यावर होता, आणि १८९४ सालीं त्यानें आपल्या सुतावरची निर्यात जकातही काढून टाकली. पुढें तोही सोन्यावर गेला, पण तोंवर त्याचा पाय चीनच्या बाजारांत रोवला गेला होता. मुंबईस पुढें प्लेग व दुष्काळ यांनींही घेरलें, हें खरें. तेव्हां सारा दोष टांकसाळीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु विलायतेचें देणें हलकें व्हावें म्हणून जो भाव चढविला गेला, त्याचें ओझें परळ-लालबागच्या मजुरावर पडलें, यांत शंका नाहीं.

आतां दुसरा प्रसंग, हा येनचा. १९२५-२६ सालच्या हिल्टन यंग कमिशनानें रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असावा असें ठरविलें. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं आपली भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचा आग्रह धरला, पण १९२७ सालीं कायदा झाला तो अठरा पेन्सांचाच. त्या दरानें शंभर येनचा भाव सुमारें एकशें सदतीस रुपये होता. पुढें ता. २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें सोन्याचें चलन सोडलें, आणि रुपया पौंडाशींच बांधून ठेवण्याचा निर्णय भारतमंत्र्यांनीं लंडनमध्यें जाहीर करून टाकला. जपान तेव्हां सोन्यावर टिकून होता. म्हणून तीन महिने येन उलट महागच झाला, आणि मुंबईच्या गिरणीवाल्यांस क्षणभर हायसें वाटलें. परंतु ता. १३ डिसेंबर १९३१ रोजीं जपानचे अर्थमंत्री ताकाहाशी यांनीं सोन्याची निर्यात बंद केली आणि येन मोकळा सोडला. वर्षभरांत शंभर येनचा भाव ऐंशी रुपयांच्या आसपास आला, आणि पुढें कित्येक वर्षें तो अठ्ठ्याहत्तरांवर स्थिर राहिला.

याचा अर्थ दुकानदाराच्या भाषेंत सांगूं. ओसाकाच्या गिरणीनें दहा येन किंमत ठेवलेला कापडाचा ठोक जुन्या दरानें मुंबईस साडेतेरा-पावणेचौदा रुपयांस पडे. गिरणीनें एक पैसाही न सोडतां तोच ठोक नव्या दरानें पावणेआठांस पडूं लागला. हिंदुस्थान सरकार जकातीची शिडी आधींपासूनच चढत होतें. ब्रिटिशेतर कापडावरची जकात १९३० सालीं शेंकडा २० होती, ती १९३१ सालीं आधीं २५ व मग सव्वाएकतीस झाली, ऑगस्ट १९३२ मध्यें ५० झाली आणि जून १९३३ मध्यें ७५ झाली. शेंकडा पंचाहत्तर म्हणजे केवढी जबर जकात, असें कोणासही वाटेल. परंतु पावणेआठ रुपयांवर पंचाहत्तर टक्के चढवून पाहा. बेरीज साडेतेराच येते! म्हणजे एवढ्या आटापिट्यानें सरकारनें जें साधलें तें इतकेंच कीं, जुन्या दरानें बिनजकातीचा माल ज्या किंमतीस आला असता त्या किंमतीस तो पुन्हां नेऊन ठेवला. टोकियोंतल्या एका हुकुमानें जें झालें तें निस्तरण्यास हिंदुस्थान सरकारास दीड वर्ष व दोन पायऱ्या लागल्या. मध्यंतरीं जपानी कापडाची आयात १९३१-३२ सालच्या सुमारें ३४ कोटी वारांवरून १९३२-३३ सालीं सुमारें ५८ कोटी वारांवर गेली होती, आणि मुंबईंत गिरण्यांस टाळीं लागत होतीं.

जपानच्या यशाचें सारें श्रेय घसरलेल्या येनला देणें हें आत्मवंचनेचें होईल. त्यांच्या गिरण्या सुधारलेल्या होत्या. तोयोदा यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग इतका सरस होता कीं इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनें १९२९ सालीं त्याचे हक्क विकत घेतले. रुईच्या खरेदीपासून मालाच्या विक्रीपर्यंत त्यांची जूट होती. आमच्याकडे जुनी यंत्रें व मॅनेजिंग एजंटांचें कमिशन हीं दोन्ही जशींच्या तशीं राहिलीं. परंतु कसलेल्या मल्लाच्या हातीं लांब लाठी दिली तर ती अधिकच लागते. येनचें घसरणें ही ती लाठी होय.

पुढें काय झालें? १९०४चा हिंद-जपान व्यापारी करार सोडीत असल्याची नोटीस एप्रिल १९३३ मध्यें दिली गेली. जपानी सूतगिरण्यांनीं हिंदी रुईवर बहिष्कार घातला. आणि खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या तोंडचें पाणी पळालें, कारण त्याच्या आंखूड धाग्याच्या रुईचें मोठें गिऱ्हाईक जपानच होतें. सिमला व दिल्ली येथें महिनेन्‌महिने वाटाघाटी चालल्या, आणि १९३४ सालीं करार झाला. जकात पन्नासांवर उतरावयाची. जपाननें हिंदी रुईच्या दहा लक्ष गांठी घेतल्या तर त्यास साडेबत्तीस कोटी वार कापड पाठवितां यावें, पंधरा लक्ष गांठी घेतल्या तर जास्तींत जास्त चाळीस कोटी वार. पाहा, नाण्यावरचा विश्वास उडाला तेव्हां दोन मोठीं राष्ट्रें खेड्यांतल्या आठवड्याच्या बाजाराप्रमाणें मालास माल देण्यावर येऊन ठेपलीं!

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. कापड स्वस्त झालें तर गोरगरिबांचें त्यांत काय वाईट झालें? ज्याच्या अंगावर धड धोतर नाहीं त्यास गिरणीवाल्याच्या नफ्याशीं काय कर्तव्य? शिवाय जपानी सूत व कृत्रिम रेशमाचा धागा स्वस्त झाल्यानें विणकराचा लाभच झाला असेल. हें सर्व आम्हांस मान्य आहे. भिवंडीसारख्या विणकरांच्या गांवाचा विचार केला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. धागा स्वस्त येणें हें माग चालविणाऱ्याच्या पथ्यावर, आणि तयार कापड स्वस्त येणें हें त्याच्या मुळावर. एकाच हुंडणावळीनें एकाच घरांत पुढल्या दारानें लक्ष्मी यावी व मागल्या दारानें जावी, असा हा प्रकार आहे. म्हणून येन स्वस्त तें चांगलें कीं महाग तें चांगलें, या प्रश्नास सरसकट उत्तर नाहीं. कोणाच्या दृष्टीनें, हें आधीं विचारलें पाहिजे.

हीच गोष्ट उलट बाजूनेंही खरी आहे. रुपया घसरला कीं निर्यात वाढते, म्हणून तो घसरूं द्यावा, असें म्हणणारे व्यापारी तेव्हांही होते व आजही आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथांत या मतावर नेमकें बोट ठेविलें आहे. नाणें घसरलें म्हणजे जिनसांचे भाव आधीं चढतात व मजुरी मागाहून, रखडत चढते. तेव्हां कारखानदारास जो लाभ झालासा दिसतो तो परदेशांतून आलेला नसून आपल्याच मजुराच्या ताटांतून उचललेला असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. हें मर्म ज्यास कळलें तो चढत्या रुपयानें फुशारणार नाहीं कीं उतरत्या रुपयानें हुरळणार नाहीं. तो एवढेंच विचारील कीं, भाव कोणीं ठरविला, तूट कोणावर पडली, आणि त्याचा हिशेब कोठें आहे? १८९३ सालीं, १९२७ सालीं व १९३१ सालीं या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें आमच्या हातीं नव्हतीं. निर्णय परक्यांचा होता. १९३५च्या एप्रिलांत रिझर्व्ह बँक निघाली, १९४७ सालीं राज्य आमचें झालें. आतां सबब उरली नाहीं.

आतां वर्तमानाकडे वळूं. पण त्याआधीं येनचा पुढला प्रवास पाहणें अवश्य आहे, कारण त्यावरून नाण्यांचें आयुष्य किती अस्थिर असतें तें समजतें. १९३४ सालीं अठ्ठ्याहत्तर रुपयांस मिळणारे शंभर येन महायुद्धानंतर कवडीमोल झाले. १९४९ सालीं डॉलरास ३६० येन हा दर ठरला व त्याच वर्षीं सप्टेंबरांत रुपयाची किंमत उतरविली गेली. तेव्हां शंभर येनचा भाव होता एक रुपया बत्तीस पैशांच्या बरोबरीचा! ता. ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें पुन्हां अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६वरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हां शंभर येन दोन रुपये आठ पैशांचे झाले. १९८५च्या आरंभीं ते सुमारें पांच रुपयांचे होते. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलांत पांच श्रीमंत राष्ट्रांनीं डॉलर उतरविण्याचें ठरविलें, येन उसळला, इकडे १९९१ सालीं रुपयाची दोनदां किंमत उतरविली गेली, आणि १९९५च्या एप्रिलांत शंभर येन पस्तीस रुपयांच्या वर गेले. दहा वर्षांत सातपट! ज्यानें १९८५ सालीं येनमध्यें कर्ज घेऊन रुपयांत उत्पन्न मोजलें असेल, त्याचें मुद्दल न वाढतां सातपट झालें. २०१२च्या आरंभीं शंभर येन पासष्ट रुपयांच्या आसपास होते. जुलै २०२४ मध्यें ते बावन्न रुपयांपर्यंत उतरले. अर्थात् येन नेहमींच चढतो असें नाहीं. तो दोन्हीं अंगांनीं लवंडतो, एवढेंच सिद्ध आहे.

आतां आमच्या दुसऱ्या आगगाडीचें कर्ज पाहूं. १४ सप्टेंबर २०१७ रोजीं साबरमतीस या कामाचा पायाभरणी-समारंभ झाला. तेव्हांच्या अंदाजाप्रमाणें एक लक्ष आठ हजार कोटींच्या खर्चापैकीं सुमारें अठ्ठ्याऐंशी हजार कोटी रुपयांइतकें कर्ज जपानकडून येनमध्यें मिळावयाचें. व्याज शेंकडा दहा पैसे. मुदत पन्नास वर्षें. पहिलीं पंधरा वर्षें मुद्दलास हात लावावयाचा नाहीं. शेंकडा पांच टक्क्यांच्या हमीपुढें शेंकडा दहा पैसे म्हणजे जवळजवळ फुकटच, असें कोणासही वाटेल. वकिलाच्या चष्म्यांतून पाहतां १८४९ व २०१७ या दोन करारांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. तेव्हां कर्ज घेणारें सरकार परकें होतें. आतां तें आमचें निवडलेलें आहे. तेव्हां नफ्याची हमी होती, आतां नाहीं. परंतु एक कलम दोहोंत सारखें आहे: उत्पन्न रुपयांत, आणि देणें परक्या नाण्यांत.

जरा आंकडेमोड करूं. २०१७च्या सप्टेंबरांत शंभर येनचा भाव सुमारें अठ्ठावन्न रुपये होता. त्या हिशेबानें अठ्ठ्याऐंशी हजार कोटी रुपये म्हणजे सुमारें दीड लक्ष कोटी येन. सर्व कर्ज उचललें गेलें म्हणजे शंभर येनमागें एका रुपयाचा फरक पडला तर मुद्दलांत सुमारें दीड हजार कोटी रुपयांचा फरक पडेल. आणि शेंकडा दहा पैशांनीं एका वर्षाचें व्याज किती? अठ्ठ्याऐंशी कोटी. म्हणजे येनचा भाव एका रुपयानें हलला तर सतरा वर्षांच्या व्याजाइतकी रक्कम इकडची तिकडे होते! ज्या व्याजाची एवढी वाहवा चालते तें या हिशेबांत चिल्लर आहे. खरें व्याज हुंडणावळ घेते.

यावरून हें कर्ज वाईट आहे असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. आमचा तसा मुळींच हेतु नाहीं. हेंच कर्ज देशांत सुमारें सात टक्क्यांनीं काढलें असतें तर वर्षास सहा हजार कोटींहून अधिक व्याज पडलें असतें. येन दरसाल तीन टक्क्यांनीं रुपयापुढें चढत गेला, तर त्याचा रुपयांतील भाव सुमारें चोवीस वर्षांत दुप्पट होईल. तरीही पैसा देशी कर्जापेक्षां स्वस्तच पडेल. दरसाल साडेसहा-सात टक्क्यांनीं चढत गेला तर मात्र साऱ्या स्वस्ताईचें पाणी होईल. आणि १९८५ ते १९९५ या दशकासारखें एकादें दशक पुन्हां उगवलें तर काय होईल, हें सांगण्यास ज्योतिषी नको. त्यापुढल्या एकोणतीस वर्षांत येन फार थोडा चढला, हेंही तितकेंच खरें. तात्पर्य, हा सौदा बहुधा लाभाचा आहे, परंतु तो सौदा आहे, देणगी नव्हे. सौद्यांत जो शहाणा व्यापारी असतो तो आज वांचलेला पैसा नफा म्हणून खर्चीत नाहीं. उद्यांच्या तुटीसाठीं गांठीस बांधून ठेवतो.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली: आजवर किती येन उचलले, कोणत्या दिवशीं, कोणत्या भावानें, आणि वर्षअखेरच्या भावानें त्यांचें रुपयांत देणें किती झालें, याचें एक पानाचें पत्रक दर वर्षीं मराठींत प्रसिद्ध व्हावें. मोठाल्या अहवालांच्या पोटांत असले आंकडे असतीलही. परंतु जें पत्रक गोखले रोडवरचा दुकानदार व डोंबिवलीचा कारकून गाडींत बसल्या बसल्या वाचूं शकेल, तेंच लोकांपुढें ठेवलें असें म्हणतां येईल. दुसरी: हुंडणावळीची तूट आलीच तर ती तिकिटावर बसावयाची, दिल्लीच्या तिजोरीवर, कीं मुंबई राजधानी असलेल्या या राज्याच्याही माथीं, हें आजच लिहून ठेवावें. राज्यानें या कामांत आपल्या भांडवलाचा वांटा घातला आहे. भागीदारास हिशेब विचारण्याचा हक्क असतो. तिसरी: देशी व्याज व जपानी व्याज यांच्या अंतरापैकीं कांहीं ठरीव हिस्सा दरसाल निराळ्या निधींत टाकावा व त्यास कोणींही हात लावूं नये. मुंबईची भुयारी मेट्रो व शिवडी-न्हावाशेवा यांमधला अटल सेतु हींही कामें जपानी कर्जाच्या आधारानें झालीं आहेत. तेव्हां हा नियम एकट्या एका गाडीपुरता नसून सर्वांस लागू असावा. आणि उद्यां आमच्या महानगरपालिकांस कोणीं परकी नाण्यांतलें स्वस्त कर्ज देऊं केलें, तर सभासदांनीं व्याजाचा दर विचारण्याआधीं हुंडणावळीचा प्रश्न विचारावा.

सरकारास उपदेश करून आम्हांस थांबतां येत नाहीं. व्यापाऱ्यांसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. डोंबिवलीच्या कारखान्यांतून रसायनें बाहेर जातात, भिवंडीच्या मागांस परदेशचीं यंत्रें लागतात. सौदा लिहितांना किंमत, वजन, मुदत हीं आमचे लोक डोळ्यांत तेल घालून पाहतात. परंतु रक्कम कोणत्या नाण्यांत व त्या दिवशींचा भाव कोणीं सोसावयाचा, हें पुष्कळदां गृहीत धरून चालतात. मग सहा महिन्यांनीं रुपया घसरला कीं सर्व नफा नाहींसा होतो, आणि दोष नशिबास लावला जातो. पुढल्या तारखेचा भाव आजच बांधून घेण्याची सोय बँकांत आहे; तिला खर्च पडतो, परंतु विम्यासही पडतोच. बँकेनें दिलेला भाव व बाजारांतला भाव यांमधील अंतर किती, हें विचारण्यास संकोच कां वाटावा? ऑगस्ट २०१९ पासून लहान गिऱ्हाईकासही बाजारभाव दिसावा म्हणून क्लिअरिंग कॉर्पोरेशनानें एफएक्स-रिटेल नांवाची व्यवस्था सुरू केली आहे. तिचा उपयोग करून घेणें अगर न घेणें हें ज्याच्या त्याच्या हातीं आहे. पण सोय असून जो अंधारांत सौदा करतो त्यास रिझर्व्ह बँकेस दोष देण्याचा अधिकार राहत नाहीं.

कल्याणजवळ मोहने येथें १९४६ सालीं स्थापन झालेल्या कंपनीचा व पुढें शहाड येथें निघालेला, असे कृत्रिम रेशमाचे दोन मोठे कारखाने या भागानें पाहिले. ज्या मालाच्या परदेशी लोंढ्यानें तिसाव्या शतकदशकांत आमचे बाजार भरले होते तोच माल येथें तयार व्हावा, ही त्यांमागची ईर्षा योग्यच होती. परंतु स्वदेशी म्हणजे केवळ माल येथें निर्माण करणें नव्हे. आपल्या देण्याघेण्याचें माप कोणतें, तें कोण हलवितो व हललें तर तोटा कोणाचा, हें ज्या नागरिकास कळतें तोच पूर्ण स्वदेशी म्हणावयाचा. १८५३ सालीं ठाण्याच्या फलाटावर जमलेल्या लोकांनीं धुराचें इंजिन डोळे भरून पाहिलें. त्यांच्या नांवें चढलेल्या पौंडांचा हिशेब त्यांस कोणीं दाखविला नाहीं, आणि तो मागण्याचें बळही त्यांस नव्हतें. आमच्या हातीं मत आहे, वर्तमानपत्रें आहेत, विधानसभा व लोकसभा आहेत. म्हातार्डीस पहिली गाडी येण्यापूर्वीं येनचा हिशेब आमच्या प्रतिनिधींनीं मागावा, आणि तो मागितला कीं नाहीं हें मतदारांनीं त्यांस विचारावें.